आगीतून सुटकेची जुनी साधनं: सगळी अक्कल खिडकीबाहेरच खर्च झाली का?

जिनेदार (धागाकर्ता):

१९व्या शतकात लंडन-न्यूयॉर्कमध्ये जळत्या घरातून माणसं बाहेर काढायच्या साधनांचा पूर आला होता. कप्पीला टांगलेल्या टोपल्या, दोराच्या शिड्या, कॅनव्हासच्या नळ्या, चाकांवरच्या शिड्या, इमारतीला बाहेरून ठोकलेले लोखंडी जिने. माझं म्हणणं असं की यातल्या बहुतेकांनी मूळ काम लांबणीवर टाकलं. मूळ काम म्हणजे न जळणारा, भिंतींनी बंद केलेला जिना आणि बाहेरच्या दिशेने उघडणारं दार.

पुरावा न्यूयॉर्कचाच घ्या. २ फेब्रुवारी १८६० रोजी एल्म स्ट्रीटवरच्या चाळवजा इमारतीत तळाच्या बेकरीतून आग लागली. लाकडी जिना एकच, तोच आधी पेटला. वीस माणसं गेली. त्याच वर्षी कायदा झाला: आठाहून जास्त कुटुंबांच्या नव्या इमारतीला दगड-विटांच्या मनोऱ्यात न जळणारा जिना बांधा, नाहीतर दर मजल्यावर बाहेरून न जळणारे सज्जे लावून ते जिन्यांनी जोडा. दोन पर्याय दिले की बांधणारा स्वस्तातला उचलणार, आणि तसंच झालं.

त्याचं टोक २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्याच ॲश बिल्डिंगच्या आगीत दिसलं. आठव्या ते दहाव्या मजल्यावर ट्रँगल शर्टवेस्ट हा बायकांचे ब्लाउज शिवणारा कारखाना होता. इतक्या क्षेत्रफळाला तीन जिने हवे होते, बांधले दोन. मागच्या चौकातलं फायर एस्केप, म्हणजे बाहेरचा लोखंडी जिना, तिसरा जिना म्हणून धरा, असं वास्तुरचनाकाराने सांगितलं आणि ते चाललं. तो जिना जेमतेम दीड फूट रुंद. खाली रस्त्यापर्यंत पोचतच नव्हता, एका काचेच्या छपरावर संपत होता. वर खिडक्यांच्या लोखंडी झडपा बाहेर उघडून वाट अडवत होत्या. माणसांच्या भाराने आणि उष्णतेने तो वाकून कोसळला, वीसेक जण त्याच्याबरोबर खाली गेले. नवव्या मजल्यावर एका जिन्याचं दार कुलूपबंद होतं. एकूण मृत्यू १४६.

चाकांची शिडी:

ॲश बिल्डिंगचं सगळं मान्य, पण तुम्ही लंडनला न्यूयॉर्कच्या पिंजऱ्यात उभं करताय. लंडनची चाकांची शिडी हे इमारतीला ठोकलेलं लोखंड नव्हतं. ती माणसासकट येणारी सेवा होती.

अब्राहम वायवेल हा मूळचा व्यक्तिचित्रकार. १८३६ च्या सुमारास त्याने जी रचना बसवली ती बारकाईने बघा. स्प्रिंगच्या गाड्यावर, दोन मोठ्या चाकांवर ३०-३५ फुटांची मुख्य शिडी. तिच्या वरच्या टोकाला बिजागरीने जोडलेली दुसरी शिडी, जी चालताना मुख्य शिडीवर दुमडलेली असते आणि जागेवर आल्यावर खालूनच दोरांनी उलगडून वर उभी करता येते. दोन्ही मिळून तिसऱ्या मजल्याची खिडकी आवाक्यात. मुख्य शिडीच्या पोटाखाली, वरपासून खालपर्यंत, जाड कॅनव्हासची पन्हळ. खरी अक्कल या पन्हळीत आहे. सैरभैर झालेल्या माणसाला शिडी उतरायला लावायचंच नाही. पाय पुढे करून पन्हळीत सोडायचं. शुद्धीत असेल तर कोपर-गुडघे बाजूला दाबून तो वेग आवरतो, बेशुद्ध असेल तर खालचा माणूस कॅनव्हास बाहेर ओढून ताण देतो आणि उतार कमी करतो. तान्ही मुलं, म्हातारी माणसं, धुराने गुदमरलेली माणसं, सगळी त्याच वाटेने उतरत.

यात काय बिघडायचं तेही सांगतो. खालच्या खिडकीतून ज्वाळा बाहेर आल्या की कॅनव्हास पेटायचा. म्हणून ते तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवत. पण तुरटी पाण्यात विरघळते. लंडनच्या पावसात भिजलेल्या कापडातली ती हळूहळू धुऊन जाणार, त्यामुळे पुन्हा पुन्हा भिजवणं आलं. पुढे कॅनव्हासच्या जागी तांब्याच्या तारेची जाळी वापरून बघितली. ती पेटत नाही, पण वजन वाढवते. गाडा अरुंद बोळात वळत नसे आणि एकट्या माणसाने तो पळवता येत नसे, म्हणून मदत करणाऱ्या वाटसरूंना बक्षिशी दिली जाई.

आणि व्यवस्था बघा. रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ लाइफ फ्रॉम फायर ही वर्गणीवर चालणारी संस्था. रात्रभर ठरलेल्या नाक्यांवर शिडी आणि तिच्यासोबत शिकवून तयार केलेला कंडक्टर, म्हणजे शिडी चालवणारा माणूस. १८३३ पासून जेम्स ब्रेडवुडच्या हाताखाली जे बंबदल होतं ते विमा कंपन्यांच्या पैशावर चालायचं, त्यांचा पहिला हिशोब मालमत्तेचा. माणसाच्या जिवाचा हिशोब या शिडीवाल्यांनी मांडला. १८६७ मध्ये शिड्या मेट्रोपॉलिटन फायर ब्रिगेडकडे गेल्या तेव्हा ठाण्यांची संख्या ऐंशीच्या वर होती. याला मूळ काम लांबणीवर टाकणं म्हणायचं?

हिशोबाने बोलू:

दोघांच्या मध्ये थोडं भौतिकशास्त्र आणतो, कारण कुठलं साधन कुठे थकतं हे आकड्यांत स्पष्ट दिसतं.

बेंजामिन ओपनहायमरचं १८७९ चं अमेरिकी पेटंट: चार-पाच फूट व्यासाची मेणकापडाची छत्री, वरच्या अंगाला पट्ट्याने बांधायची, आणि पायात जाड लवचिक तळाचे जोडे. पाच फूट म्हणजे दीड मीटर व्यास, क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटर. ७० किलोच्या माणसाचा अंतिम वेग (हवेच्या अडथळ्यामुळे ज्याच्यापुढे पडण्याचा वेग वाढत नाही तो) यात सेकंदाला २१ मीटरच्या आसपास निघतो, म्हणजे ताशी ७५ किलोमीटर. छत्रीशिवाय हा वेग गाठायला २३ मीटर पडावं लागतं. म्हणजे सहाव्या-सातव्या मजल्याच्या खाली ही छत्री जवळपास निरुपयोगी. जिवंत उतरायला सेकंदाला पाच-सहा मीटर हवेत आणि त्यासाठी छत्रीचा व्यास सहा मीटरच्या घरात लागतो.

दोर: न्यूयॉर्कच्या हॉटेलांत खोलीखोलीत दोर ठेवण्याची सक्ती होती. १७ मार्च १८९९ रोजी विंडसर हॉटेल पेटलं तेव्हा पाहुणे दोरावरून घसरले, तळहात सोलपटले, हात सुटले. ६० किलोचा माणूस १५ मीटर घसरला तर जवळजवळ नऊ हजार ज्यूल उष्णता होते, आणि त्यातली बरीचशी तळव्यात जाते. दोराला खालून ताण देणारा माणूस नसेल, ब्रेकची कडी नसेल, तर नवख्याच्या हातात दोर देऊन उपयोग नाही.

आता टॉमस ब्राउडरचं १८८७ चं लाइफ नेट, म्हणजे खिडकीतून उडी टाकणाऱ्याला झेलायची जाळी. पोलादी नळीचं घडीचं गोल कडं, कापड स्प्रिंगांनी कड्याला जोडलेलं. हे मात्र चांगलं यंत्र. सहाव्या मजल्यावरून, म्हणजे १८ मीटरवरून, ६० किलोचा माणूस आला तर वेग ताशी ६८ किलोमीटर. कापड मीटरभर खाली दबलं तर सरासरी धक्का ११०० किलोग्रॅमच्या वजनाइतका. बारा जण कडं धरून असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ९० किलोच्या वर. धरवतं, पण जेमतेम. ३० मीटरवरून तिघी हात धरून आल्या तर धक्का सरळ पाचपट होतो. १९११ मध्ये ट्रँगलच्या आगीत नेमकं हेच घडलं. जाळ्या फाटल्या, धरणाऱ्यांच्या हातून सुटल्या. साधन चुकीचं नव्हतं, उंची आणि एकावेळी येणारं वजन त्याच्या हद्दीबाहेरचं होतं.

जिनेदार:

@हिशोबाने बोलू, तुमच्या आकड्यांनी माझाच मुद्दा पक्का होतो. प्रत्येक बाहेरच्या साधनाला उंचीची हद्द आहे. ट्रँगलच्या वेळी शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या आणि आग आठव्याला होती. जिन्याला अशी हद्द नाही.

@चाकांची शिडी, वायवेलच्या पन्हळीबद्दल आदर आहे. पण ती तिसऱ्या मजल्यापाशी संपते, आणि शहरं तिथे थांबली नाहीत. त्याच काळात चांगलं उत्तर शोधणारे होते. फिलाडेल्फियाची पद्धत बघा: मजल्यावरून थेट जिन्यात शिरायचंच नाही. आधी उघड्या सज्जावर यायचं, तिथून दुसऱ्या दाराने बंद मनोऱ्यातल्या जिन्यात. मधल्या उघड्या जागेत धूर हवेत निघून जातो, जिन्यात येत नाही. यात यंत्र नाही, दोर नाही, कंडक्टर नाही.

तसंच दाराचं. १६ जून १८८३, संडरलँडचा व्हिक्टोरिया हॉल: आग नव्हतीच, पण दार एकेक मूल जाईल एवढंच उघडं ठेवून खिटीने अडकवलेलं, १८३ मुलं चेंगरली. त्यानंतर रॉबर्ट ब्रिग्सने १८९२ मध्ये ढकलल्यावर सुटणाऱ्या खिटीचं पेटंट घेतलं. ३० डिसेंबर १९०३ ला शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये ६०२ माणसं गेल्यावर कार्ल प्रिन्झलर आणि हेन्री ड्युपॉन्टने आडवा दांडा असलेली कडी आणली. कमरेच्या उंचीवर दांडा. गर्दीच्या दाबाने तो आत जातो, आतल्या सळया वरच्या-खालच्या खिट्या ओढतात. गर्दीचा रेटा, जो माणसं मारतो, तोच दार उघडतो. माझ्या मते सुटकेच्या इतिहासातला सर्वांत मोठा शोध हाच.

लोखंडकाम:

फायर एस्केपला सरसकट शिव्या देऊ नका. नीट बांधलेला आणि जपलेला बाहेरचा जिना चालतो. अपयशाची कारणं ठरलेली आहेत आणि ती सांगता येतात. एक, भिंतीतले बोल्ट. गंज वर दिसतो त्याच्या आधी विटेच्या आत, सांध्यापाशी लागतो. पाणी झिरपतं, लोखंड फुगतं, वीट फुटते आणि भार यायच्या दिवशीच ते कळतं. दोन, सरळ उभी शिडी. मूल कडेवर घेऊन बाई ती उतरू शकत नाही; न्यूयॉर्कच्या १९०१ च्या चाळकायद्याने नव्या इमारतींना उभ्या शिड्यांऐवजी तिरके जिने लावायला लावले ते याचसाठी. तीन, सज्जावरचं सामान, गाद्या आणि कुंड्या. चार, जाळीदार तळ: पाणी-बर्फ साचत नाही हे खरं, पण खालच्या खिडकीतली ज्वाळ सरळ वर येते. म्हणून जिना खिडक्यांच्या ओळीसमोर न लावता आंधळ्या भिंतीवर लावायचा असतो. जागा आणि पैसा वाचवायला तो खिडक्यांसमोरच लावला गेला.

जाता जाता, दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या मागचे लोखंडी गोल जिने बरेच जण फायर एस्केप समजतात. ते बहुतेक संडास साफ करायला येणाऱ्यांसाठी बांधलेले. समुद्राच्या खाऱ्या हवेत त्यांच्या बोल्टची काय दशा असेल ते वर लिहिलंच आहे. त्यांच्या भरवशावर राहू नका.

पेटंट चाळणारी:

फायर एस्केपचा शोध फिलाडेल्फियाच्या ॲना कॉनेलीने १८८७ मध्ये लावला, असं जिकडेतिकडे फिरतं. इथेही येईल, म्हणून आधीच सांगते. तिचं पेटंट एका छतावरून शेजारच्या छतावर टाकायच्या कठडेदार पुलाचं आहे. बाहेरचे लोखंडी जिने त्याच्या सत्तावीस वर्षं आधी, १८६० च्या कायद्यातच आहेत. तिची कल्पना स्वतंत्रपणे चांगली आहे: आग खाली असेल तर वर जाऊन शेजारच्या इमारतीतून उतरायचं. अट एकच, शेजारची इमारत जवळ आणि साधारण तेवढ्याच उंचीची हवी.

उंचीबद्दल धागाकर्त्यांशी असहमत. उंचीची हद्द स्थिर नव्हती, ती सरकत होती आणि ती सरकवताना माणसं मेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॅनियल हेसने १८६८ मध्ये गाडीवरून उचलायची ८५ फुटांची शिडी आणली. १४ सप्टेंबर १८७५ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्कॉट-उडा शिडीचं प्रात्यक्षिक चालू असताना ती जवळजवळ शंभर फुटांवर मोडली. बटालियन चीफ विल्यम नॅश आणि दोन जवान ठार झाले. पुढे कॉनराड मागिरसच्या उल्म शहरातल्या कारखान्याने भिंतीला न टेकता उभी राहणारी शिडी केली आणि १८९२ मध्ये घोडागाडीवर फिरणाऱ्या चकतीची. भिंतीला टेकायची गरज संपली हा मोठा टप्पा आहे: जळती भिंत कोसळली तरी शिडी उभी राहते, आणि एका खिडकीवरून दुसरीकडे वळवायला गाडा हलवावा लागत नाही.

चाकांची शिडी:

@जिनेदार, तुमचा मनोरा आणि दांड्याची कडी दोन्ही नव्या इमारतीसाठी. १८४३ च्या लंडनमध्ये लाखो माणसं अशा घरांत झोपत होती ज्यांच्यात एकच लाकडी जिना होता आणि तो घराच्या मधोमध, धुराड्यासारखा. ती घरं पाडणार कोण, आणि पाडेपर्यंत रोज रात्री काय? बाहेरून येणारी शिडी हे त्या रात्रीचं उत्तर होतं. दुसरं, बंद जिना चालत येऊ शकणाऱ्याला वाचवतो. पाचव्या मजल्यावर धुराने बेशुद्ध पडलेल्याला जिना कितीही उत्तम असला तरी कुणीतरी वर जाऊन आणावं लागतं.

जिनेदार:

उभ्या घरांचा मुद्दा रास्त आहे आणि शिडीवाल्यांचं श्रेय मी काढून घेत नाही. माझा आक्षेप कायद्याने दोन्ही गोष्टी सारख्या धरण्याला आहे. लंडनच्या शिडीने कुठल्या घरबांधणाऱ्याला जिना न बांधायची मुभा दिली नाही. न्यूयॉर्कच्या लोखंडाने दिली. न्यूयॉर्कला नव्या इमारतींवर बाहेरचे जिने बंद करायला १९६८ चे बांधकाम नियम यावे लागले, म्हणजे १८६० नंतर १०८ वर्षं.

लोखंडकाम:

पण जुन्या इमारतींवरचे त्या नियमांनीही काढले नाहीत, ठेवलेच. त्यामुळे १९६८ नंतरही प्रश्न बोल्टचाच राहतो. प्रत्येक सज्जाखालची वीट ठोकून बघायची, पोकळ आवाज आला तर बोल्ट उपसून नवा लावायचा, आणि खालची सरकती शिडी वर्षातून एकदा खरोखर खाली सोडून बघायची. रंगाचे थर चढून ती खाचेत चिकटते, आणि मग वरून उतरलेली माणसं पहिल्या मजल्याच्या सज्जावर अडकून पडतात.