मधुमेहाची गोळी, हृदय आणि निर्जळी उपवास

मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णाला डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी देणे हा निव्वळ औषधविक्रीचा खटाटोप आहे, हा या चर्चेत घेतला गेलेला आक्षेप मला पटत नाही. या औषधाच्या २०१९ मधील डापा-एचएफ या चाचणीत हृदयाची पंपशक्ती घटलेल्या, पण मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही त्याचा लाभ झाला होता. शिवाय २०२० मध्ये भारतातील मूळ पेटंट संपल्यापासून ते बरेच स्वस्तही झाले आहे.

उपवासाचा मुद्दा मात्र कोणीच मांडलेला नाही. हे औषध साखर लघवीवाटे बाहेर टाकते (म्हणून लघवीच्या अहवालात साखर दिसणारच, त्याने घाबरू नये), आणि त्यात पोट दीर्घकाळ रिकामे राहिले, तर विशेषतः मधुमेहींमध्ये, रक्तशर्करा फारशी वाढलेली नसतानाही कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लयुक्त पदार्थ) साचून रक्ताची आम्लता वाढू शकते. ही गोळी घेणाऱ्या माझ्या मधुमेही मामांनी श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी निर्जळी केली. नाशिकला परतल्यावर मळमळ आणि धाप सुरू झाली, पण ग्लुकोमीटरवर १६० दिसल्यामुळे आम्ही ते पित्त समजून रात्र काढली; निदान झाले ते सकाळी, कीटोन तपासल्यावर. याच धोक्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी ही गोळी किमान तीन दिवस थांबवतात. पण उपवासाचे आम्ही डॉक्टरांना कधी विचारलेच नव्हते.