मदत हवी आहे : इंटरनेटवरचा फोन अर्ध्या मिनिटात कापतो, आणि जुना लँडलाईन नंबर सोडवत नाही

फुटव्हॉल्व :

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचं पंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. इम्पेलर, बेअरिंग, ग्लँडची दोरी, स्टार्टरची कॉइल असला माल (आणि अर्थात फुटव्हॉल्व). दुकानाचा ०२३३ चा लँडलाईन पाटीवर आहे, बिलबुकावर आहे आणि वर्षानुवर्षं वाटलेल्या कॅलेंडरांवर आहे. विहिरीवरच्या खोलीत जा, मोटरीच्या बोर्डाशेजारी आमचं कॅलेंडर सापडेल. वर्ष कुठलं का असेना, नंबर तोच.

अडचण अशी की आता तो फोन घ्यायला माणूस नाही. काऊंटरवर आम्ही दोघंच. हिशेब बघणारी ताई बाळंतपणानंतर तासगावहून, घरून काम करते. मावसभाऊ पुण्यात बसून ऑर्डरी आणि वसुली बघतो. शेतीची लाईट रात्रपाळीची असली की रात्री कुणाची तरी मोटर जळते आणि सकाळी साडेसहाला घंटा सुरू. तेव्हा दुकानाचं शटरही उघडलेलं नसतं.

म्हणून महिन्याभराच्या बोलीवर एका कंपनीचा क्लाऊड फोन, म्हणजे इंटरनेटवरून चालणारा फोन घेतला (नाव मुद्दाम देत नाही). त्यांनी ०८० ने सुरू होणारा एक नंबर दिला, काऊंटरला लॅनची वायर लावायचा एक टेबलफोन दिला आणि ताई व मावसभावाच्या मोबाईलवर ॲप टाकून दिलं. पहिल्या दिवशी वडीलही खूश होते. मग सुरू झालं.

काऊंटरवर आलेला फोन साधारण अर्ध्या मिनिटात कापतो. गिऱ्हाईक "पाच एचपीची, दोन इंची..." इथपर्यंत येतं आणि टुक टुक. गंमत म्हणजे आपण लावलेला फोन वीस मिनिटं चालतो, कापत नाही. तासगावच्या ताईचं बोलणं समोरच्याला जातं, समोरच्याचं तिला येत नाही. मावसभावाचं ॲप वाजतच नाही, नंतर नुसते मिस्ड कॉल दिसतात. आणि आपण लावला तर ०८० बघून लोक उचलत नाहीत. एक जण तर म्हणाला, "कर्ज नको म्हणून सांगितलं न्हवं?"

कंपनीचं एकच उत्तर, तुमचं नेट कमी पडतंय, मोठा प्लॅन घ्या. ६० एमबीपीएसचं फायबर आहे. आणखी किती मोठा घ्यायचा?

मुख्य प्रश्न : ०२३३ चा नंबरच या नव्या सेवेत नेता येईल का? आणि हे सगळं सुधारण्यासारखं आहे, की वडील म्हणतात तसं "गुंडाळ ते"?

---

शिराळकर :

नेट कमी पडतंय ही शुद्ध थाप आहे. चांगल्या आवाजाचा जी-७११ कोडेक (आवाज नेटवरून पाठवण्याजोगा करायची पद्धत) धरला तरी एका कॉलला जाता-येता प्रत्येकी नव्वदेक केबीपीएस पुरतात. पाच जण एकदम बोलले तरी अर्धा एमबीपीएस होत नाही. इथे वेग नव्हे, उशीर आणि अडखळणं महत्त्वाचं. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर बोलताना काही जाणवत नाही. प्लॅन वाढवू नका.

---

गल्लीतला हुशार :

कशाला एवढा खटाटोप? ऑनलाईन सिमकार्ड टाकायचे गेटवे मिळतात. चार सिम टाका, इंटरनेटला जोडा, पुण्यात काय दुबईत पण फोन घ्या.

---

रात्रपाळीवाली :

@गल्लीतला हुशार, कृपा करून असले सल्ले देऊ नका. त्यालाच सिमबॉक्स म्हणतात. परवान्याशिवाय इंटरनेटवरचे कॉल साध्या नेटवर्कमध्ये सोडले म्हणून पोलीस धाडी घालतात त्या याच डब्यांवर. पंपाच्या दुकानाला ही भानगड हवीय कशाला?

@फुटव्हॉल्व, मी नाशिकहून घरबसल्या ग्राहकसेवेचं काम करते, दिवसाचे आठ तास हेडफोन कानात. एकच विचारते : काऊंटरचा फोन कापतो तेव्हा नक्की किती सेकंद झालेले असतात? अंदाज नको, घड्याळ लावून मोजा. पाच कॉल मोजा आणि इथे लिहा.

---

फुटव्हॉल्व :

मोजले. ३२, ३२, ३१, ३२, ३२. आता मला भुताटकी वाटायला लागलीय.

---

रात्रपाळीवाली :

भूत नाही, राऊटर आहे :)

तुम्ही रिसीव्हर उचलला की तुमचा टेबलफोन कंपनीच्या सर्व्हरला "उचलला" असा निरोप पाठवतो. त्याची पोच परत यावी लागते. रजिस्टर पत्राची पोचपावती असते ना, तसंच. पोच आली नाही तर फोन तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. या फोनांची जी सिप नावाची भाषा आहे तिच्या नियमात मूळ माप अर्ध्या सेकंदाचं आणि वाट बघायची ती त्याच्या ६४ पट. म्हणजे ३२ सेकंद. तोवर पोच नाही आली तर फोन समजतो की पलीकडे कुणी नाही, आणि ठेवून देतो. तुम्ही लावलेल्या कॉलमध्ये ही पोच उलट तुमच्याकडून जाते आणि ती नीट पोचते, म्हणून तो कापत नाही.

पोच हरवते कुठे? बहुतेक वेळा राऊटरमध्ये. त्यात 'सिप एएलजी' नावाची एक सोय असते. फोनच्या निरोपांतले पत्ते वाटेत सुधारून द्यावेत हा तिचा हेतू, पण कित्येक राऊटरांत ती सुधारण्याऐवजी बिघडवते. पोस्टमननं पाकिटावरचा पत्ता स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहावा आणि घर नंबर चुकवावा, तसा प्रकार. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा, मग राऊटर आणि टेबलफोन दोन्ही बंद करून चालू करा.

ताईचा एकतर्फी आवाज हे त्याच आजाराचं दुसरं लक्षण असावं. तिला घरचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर बोलून बघायला सांगा. त्यावर दोन्ही बाजूंनी ऐकू आलं तर दोष घरच्या राऊटरचाच. तिथे हात घालता येत नसेल तर कंपनीला सांगा, आमची जोडणी ५०६० पोर्टऐवजी ५०६१ वर, टीएलएस नावाच्या कुलूपबंद पद्धतीनं करून द्या. निरोप कुलूपबंद गेला की वाटेतल्याला तो वाचताही येत नाही आणि 'सुधारता'ही येत नाही.

मावसभाऊंचा रोग वेगळा. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागची ॲपं झोपवतो. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला 'अनिर्बंध' करा. आमच्या ऑफिसात नवा माणूस आला की लॅपटॉपच्या आधी हे करून घेतात.

---

तांब्याची जोडी :

टेलिफोन खात्यात केबल जोडण्यात हयात गेली, त्या अधिकारानं चार शब्द.

पहिलं, नंबर नेण्याचं. लँडलाईन नंबर एका कंपनीतून दुसरीत नेता येत नाही. २०११ साली देशभर सुरू झालेली पोर्टेबिलिटी मोबाईलची. तेव्हा ०२३३ चा नंबर आहे त्याच कंपनीत, आहे त्याच दुकानात राहू द्या. त्यावरून नव्या नंबरावर कॉल फॉरवर्ड करा. त्यातही 'सगळेच' पाठवू नका, 'उचलला नाही तर' आणि 'गुंतलेला असेल तर' एवढेच पाठवा. म्हणजे तुम्ही दुकानात असाल तेव्हा जुनाच फोन वाजेल, आणि सकाळी साडेसहाला पुण्याचा गडी उचलेल. फॉरवर्ड झालेल्या कॉलचे पैसे तुमच्या लँडलाईनला लागतात, म्हणून प्लॅनमध्ये ते धरलेत का ते आधी विचारा. शिवाय फॉरवर्ड होऊन आलेल्या कॉलवर गिऱ्हाईकाचा नंबर दिसतो की दुकानाचा, ते स्वतःच्या मोबाईलवरून लावून बघा. दुकानाचाच दिसत असेल तर परत फोन कुणाला करणार?

दुसरं, लाईटचं. तांब्याच्या तारेवर एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट यायचे. गावात अंधार असला तरी फोन चालायचा, २००५ च्या पुरात लोकांनी तो अनुभव घेतला असेल. फायबरच्या डब्याला वीज तुमची. लाईट गेली की तो डबा, राऊटर आणि टेबलफोन तिघंही मुके. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, डबा आणि राऊटर दोन्ही त्यावर टाका. टेबलफोनला त्याच्या ॲडाप्टरवरचं व्होल्टेज वाचूनच काय ते करा. पंपवाल्याला व्होल्टेज मी सांगायला नको म्हणा.

---

फुटव्हॉल्व :

काका, मनापासून आभार. २००५ ला आमच्या दुकानातच छातीएवढं पाणी होतं, फोनचं कुणाला सुचतंय! एक विचारायचं राहिलं. इंटरनेटवरून असे साधे फोन घेणं कायदेशीर आहे ना? वडिलांना कुणीतरी भरवून दिलंय की हे चोरीचं काम असतं.

---

शिराळकर :

वडील अगदीच चुकीचं बोलत नाहीत, त्यांची माहिती जुनी आहे इतकंच. आपल्याकडे २००२ पासून इंटरनेट फोन होता, पण देशातल्या देशात तो साध्या फोनला जोडायला बंदी होती. जून २०१८ मध्ये दूरसंचार खात्यानं परवान्याच्या अटी बदलल्या आणि ते मोकळं झालं. त्याच जुलैत बीएसएनएलनं 'विंग्ज' नावाची ॲपवरची सेवा वर्षाला १,०९९ रुपयांत जाहीर केली होती. घरून काम करणाऱ्या कॉल सेंटरवाल्यांसाठीचे नियम २०२० आणि २०२१ मध्ये आणखी सैल झाले. तुम्ही एवढंच बघा की नंबर परवाना असलेल्या दूरसंचार कंपनीचा आहे आणि बिल रीतसर तुमच्या दुकानाच्या नावानं येतंय. मधला दलाल कागद दाखवायला टाळाटाळ करत असेल तर तिथूनच नमस्कार करा.

०८० बद्दल : तो बेंगळुरूचा कोड. सांगलीचा नसला तरी निदान पुण्याचा ०२० मागून बघा. विचारल्याशिवाय ते देत नाहीत. आणि वसुलीचे फोन मावसभावानं सरळ मोबाईलवरूनच करावेत. उधारीवाल्याला ओळखीचा नंबर दिसला तर उचलायची शक्यता असते... किंवा मुळीच नसते, ते गिऱ्हाईकावर :)

---

कोरा कागद :

थोडं अवांतर. टेबलफोनवरून मोबाईल लावताना नंबराच्या आधी शून्य लावताय ना? १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला शून्य सक्तीचं आहे. काही क्लाऊडवाले ते आपोआप लावतात, काही लावत नाहीत. आमच्या ऑफिसात दोन दिवस "हा नंबर अस्तित्वात नाही" ऐकून आम्ही गिऱ्हाईकाला शिव्या घालत होतो.

आणि ताईच्या घरी मोबाईलची रेंज नसेल तर तिच्या फोनवर वायफाय कॉलिंग चालू करून बघा. २०१९-२० पासून मोठ्या कंपन्या देतात, वेगळे पैसे नाहीत. मग ॲपच नको, फॉरवर्ड केलेला कॉल सरळ तिच्या सिमवर येईल.

---

फुटव्हॉल्व :

आठ दिवसांचा अहवाल.

दुकानाच्या राऊटरमधली ती एएलजी बंद केली. त्यानंतरचा पहिलाच कॉल पलूसच्या एका पाहुण्यांचा, ११ मिनिटं चालला. त्यातली नऊ मिनिटं उसाच्या बिलावर गेली, पण कापला नाही. मावसभावाचं ॲप आता वाजतं. इतकं वाजतं की त्याची बायको वैतागलीय.

जुन्या नंबरावर 'उचलला नाही तर' फॉरवर्ड लावलं. गिऱ्हाईकाचा नंबर दिसतो, तपासलं. ०२० चा नंबर मागितला, पुढच्या आठवड्यात देतो म्हणाले. "विक्रीसाठी एक दाबा, दुरुस्तीसाठी दोन दाबा" ही टेप मात्र काढून टाकली. लोक एकही दाबत नव्हते आणि दोनही नाही, "हॅलो, हॅलो, अहो बोला की" म्हणत बसायचे. आता सरळ तिघांकडे एकदम घंटा जाते, जो आधी उचलेल त्याचं गिऱ्हाईक. वडिलांनी टेबलफोनाला हात लावलेला नाही, पण गुंडाळ म्हणणं बंद झालंय.

राहिली तासगावची ताई. मोबाईल डेटावर दोन्ही बाजूंनी स्वच्छ ऐकू येतं, म्हणजे दोष घरच्या राऊटरचाच. पण तो केबलवाल्याचा आहे, पासवर्ड त्यानंच ठेवलाय आणि तो कुणाला देत नाही. टीएलएसचं कंपनीला लिहिलंय, उत्तर नाही. केबलवाला बुधवारी येतो म्हणालाय.

---

तांब्याची जोडी :

कुठल्या बुधवारी, ते विचारून ठेवा.