पीक डिस्ट्रिक्टमधल्या खेड्यात राहायला जावं का? (शेफील्डजवळ, होप व्हॅली)

सईची_आई:

नमस्कार मंडळी,
नवऱ्याला शेफील्डला हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली आहे, जानेवारीत रुजू व्हायचंय. आम्ही या मार्चमध्ये पुण्याहून इंग्लंडला आलो, सध्या लेस्टरला आहोत. परवा घरं बघायला गेलो तेव्हा एजंटने शेफील्डच्या पश्चिमेला, होप व्हॅलीतल्या एका खेड्यात भाड्याचं घर दाखवलं. जाड दगडी भिंती, परसाला लागून मेंढ्यांचं कुरण, समोर डोंगराची कड. नवरा जागच्या जागी हो म्हणायला निघाला होता. लेक सात वर्षांची, ती तर परत गाडीत बसायला तयार नव्हती.

मला मात्र धाकधूक वाटतेय. पुण्यात गाडी चालवायचे, इथे अजून हात लावलेला नाही. गावात एक चर्च, एक पब, एक शाळा, छोटंसं दुकान. ओळखीचं कुणीच नाही. उन्हाळ्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी येणार आहेत. हिवाळा कसा जातो तिथे? लोक बोलतात का? भाजीपाल्याचं काय? प्रत्यक्ष राहणाऱ्यांनी लिहिलंत तर फार बरं होईल.

बेलग्रेव्हकर:

माझं मत स्पष्ट आहे, शेफील्डमध्येच घर घ्या. नवऱ्याची रात्रपाळी, तुम्ही गाडीशिवाय, मूल लहान. शहरात हॉस्पिटल जवळ, लंडन रोडवर आपलं किराणा सामान, मुलीला वेगवेगळ्या देशांची मुलं भेटतील. डोंगर काय, शेफील्डहून अर्ध्या तासावर आहेत. दर रविवारी जा. आधी एक हिवाळा शहरात काढा, मग ठरवा.

पाटणची_लेक:

सईच्या आई, मी होप व्हॅलीतच राहते. मुलं इथेच वाढली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बेलग्रेव्हकरांचा रात्रपाळीचा मुद्दा बरोबर आहे, पण तेवढ्यावर खेड्यावर फुली मारू नका.

घर बघून निर्णय घेऊ नका, गाव बघून घ्या. दगडी घरं आमच्याकडे प्रत्येक गावात आहेत. शाळेत मुलं किती, दुकान वर्षभर चालतं का, बस रविवारी येते का, हे विचारा. आणि अंधार पडल्यावर खिडक्यांत दिवे लागतात का, हे स्वतः बघा. इथली बरीच घरं सुट्टीवर येणाऱ्यांना आठवड्याच्या भाड्याने दिली जातात, काही शहरातल्या लोकांची दुसरी घरं आहेत. शनिवारी दुपारी गाव माणसांनी फुललेलं दिसतं, ते सगळे फिरायला आलेले असतात. नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी संध्याकाळी पाचला जा आणि गल्लीतून पायी एक फेरी मारा. निम्म्या खिडक्या काळ्या असल्या तर ते घर सोडून द्या. हिवाळ्यात शेजारी राहतं घर असणं ही हीटिंगइतकीच गरजेची गोष्ट आहे.

गाडी नसेल तर रेल्वे बघा. शेफील्ड-मँचेस्टर लाइनवर ग्रिंडलफर्ड, हॅदरसेज, बॅमफर्ड, होप आणि ईडेल अशी स्टेशनं आहेत. होप आणि बॅमफर्डची स्टेशनं गावापासून थोडी लांब पडतात, हॅदरसेजचं गावालगत आहे. २७२ नंबरची बस शेफील्डहून कॅसलटनपर्यंत येते. तरी रात्रपाळीसाठी तुमच्या मिस्टरांना गाडी लागणारच.

घराबद्दल दोनच गोष्टी विचारा. गॅसची पाइपलाइन आहे का? नसली तर परसात तेलाची टाकी असते, ती थंडीआधी भरून घ्यावी लागते आणि ते पैसे एकदम जातात. आमच्याकडे शेजारीपाजारी मिळून एकत्र ऑर्डर देतात, जरा स्वस्त पडतं. दुसरं, घराचं एनर्जी सर्टिफिकेट कुठल्या श्रेणीचं आहे? जाड दगडी भिंत दिसायला भक्कम, पण एकदा गार झाली की तापायला वेळ घेते.

डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. दरीत तर त्याआधीच डोंगराआड जातो. मुलं शाळेतून येतात तेव्हा अंधारून आलेलं असतं, रस्त्यावर दिवे कमी, म्हणून प्रत्येकाच्या कोटाच्या खिशात टॉर्च असतो. वीज गेली तर १०५ ला फोन करायचा, हा नंबर फ्रिजवर लिहून ठेवा. जूनमध्ये याच्या उलट, रात्री साडेनऊला मुलं कुरणात खेळत असतात आणि त्यांना झोपवणं हेच मोठं काम होऊन बसतं.

आता माणसं. ती बोलतात, भरपूर बोलतात, पण बांधावरून. हवा, कुत्रा, रस्त्यातले खड्डे. "या ना घरी" म्हणून कुणी हाताला धरून नेणार नाही. मला इथली माणसं खऱ्या अर्थाने भेटली ती वेल ड्रेसिंगच्या वेळी. डर्बीशरमधली ही जुनी प्रथा आहे, गावाच्या विहिरी आणि झरे फुलांच्या चित्रांनी सजवायचे. आमच्या गावात उन्हाळ्याच्या सुरुवातीला करतात. लाकडी फळ्या आधी ओढ्यात भिजत टाकतात. मग चिकणमातीत मीठ घालून ती तुडवतात, मिठामुळे माती लवकर सुकत नाही. फळीवर बोटभर थर देऊन गुळगुळीत करायचा, वर कागदावरचं चित्र ठेवून टाचणीने ठिपके पाडायचे. त्या ठिपक्यांवर ऑल्डर झाडाची इवलीशी काळी बोंडं ओळीने रोवली की रेघ तयार होते. रंग भरायचा पाकळ्यांनी, आणि तो नेहमी खालून वर. वरची पाकळी खालचीवर थोडी चढली पाहिजे, म्हणजे पाऊस पडला तरी पाणी ओघळून जातं, मातीत मुरत नाही. हायड्रेंजियाची पाकळी मला सगळ्यांत आवडते, अंगठ्याने हलकेच दाबली की बसते आणि रंगही टिकवते. रांगोळीची सवय असलेल्या हाताला हे काम लगेच जमतं. हॉलमध्ये चार-पाच दिवस हे चालतं, म्हाताऱ्या बायकांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे एका टेबलाभोवती. पाकळ्या लावताना माणूस नजर वर न करता बोलतो, त्यामुळे लाजरी माणसंही मोकळी होतात. कुणाचं ऑपरेशन झालंय, कुणाच्या मेंढ्यांना जुळी झाली, कोण घर विकतंय, सगळं तिथे कळतं. तुम्ही गेलात तर पहिल्याच वर्षी नाव नोंदवा.

भाजीपाल्याचं फार अवघड नाही. आमच्या गल्लीत एका दारासमोर अंडी ठेवलेली असतात, डब्यात पैसे टाकायचे आणि न्यायची. डाळी, पीठं, मसाले महिन्यातून एकदा शेफील्डहून. कोथिंबीर मी खिडकीत कुंडीत लावते. एप्रिलमध्ये झाडाखाली रानलसूण उगवतो. पाने चोळून वास घेतल्याशिवाय तोडू नका, त्याच्यातच लॉर्ड्स-अँड-लेडीज नावाची विषारी पानं येतात. रानलसूण घालून केलेलं थालीपीठ आमच्या शेजारणीला इतकं आवडतं की हंगाम आला की तीच पानांची जुडी आणून देते.

हिंडफिऱ्या:

पाटणच्या लेकीला पूर्ण अनुमोदन. मी मँचेस्टरहून ट्रेनने ट्रेकला जातो. सईच्या आई, तुम्हाला एक गोष्ट फार आवडेल. इथे पायवाटा लोकांच्या शेतातून, कधी अंगणातूनही जातात, आणि त्यावरून चालायचा हक्क कायद्याने सगळ्यांना आहे. पिवळा बाण दिसला की बिनधास्त जायचं, फक्त फाटक उघडलं तर लावून घ्यायचं. वरची माळरानं मात्र पूर्वी जमीनदारांच्या शिकारीसाठी बंद होती. २४ एप्रिल १९३२ ला शेकडो तरुण कामगार हेफील्डहून किंडर स्काउट या उंच पठारावर मुद्दाम चढून गेले, त्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं नॅशनल पार्क झालं.
लेडीबावर तलाव बघायला विसरू नका, तळाशी दोन गावं आहेत.

पाटणची_लेक:

हिंडफिऱ्या, त्या गावांची नावं डर्वेंट आणि अ‍ॅशॉपटन. १९४० च्या दशकात धरण भरलं आणि ती बुडाली. डर्वेंटच्या चर्चचा मनोरा बरीच वर्षं पाण्याबाहेर दिसायचा, १९४७ मध्ये तो सुरुंग लावून पाडला. २०१८ मध्ये पाणी खूप उतरलं तेव्हा घरांचे पाये उघडे पडले आणि बघ्यांची झुंबड उडाली. मला तिथे जास्त वेळ उभं राहवलं नाही. माझ्या आजोळचं घर कोयनेच्या पाण्याखाली गेलंय. शेजारच्या आजोबांना मी हे सांगितलं, त्यांच्या आईचं बालपण डर्वेंटमध्ये गेलेलं. चूल कुठे होती, पाणवठा कुठे होता, हे आम्ही दोघं किती वेळ एकमेकांना सांगत बसलो होतो. इतक्या लांब येऊन धरणाचं दुःख समजणारं माणूस शेजारी मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

सईची_आई:

ताई, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. मनापासून आभार. पाकळ्यांचं वाचून लेकीने तर आत्ताच नाव नोंदवायला सांगितलंय. आता शाळा, माझी गाडी आणि सासूबाई, एवढ्या तीन गोष्टींचं सांगाल का?

पाटणची_लेक:

सांगते की. शाळेचा अर्ज डर्बीशर काउंटी कौन्सिलकडे करायचा, शेफील्डकडे नाही. खेड्यातल्या शाळेत दोन-तीन इयत्ता एकाच वर्गात बसतात, त्याला घाबरू नका. मोठी मुलं लहानांना वाचून दाखवतात, माझी मुलं त्यातच वाचायला शिकली. अर्ज करण्याआधी फोन करून शाळा बघायला जा, मुख्याध्यापिका स्वतः फिरवून दाखवतात.

गाडीचं आजच मनावर घ्या. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बाराच महिने चालवता येतं, म्हणजे तुमचे मार्चपर्यंत. प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्सचा अर्ज आत्ता टाका, परीक्षेच्या तारखा लवकर मिळत नाहीत. आमच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना दगडी बांध आणि मध्ये एकाच गाडीची जागा असते. समोरून ट्रॅक्टर आला की मागे रिव्हर्स घेता आला पाहिजे, शिकवणाऱ्याला तेच आधी शिकवायला सांगा.

सासूबाईंना उन्हाळा छान जाईल. ईम गावाला त्यांना जरूर न्या. १६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडाच्या गाठोड्यातून तिथे प्लेग आला. साथ आजूबाजूला पसरू नये म्हणून लोकांनी, विल्यम मॉम्पेसन या पाद्रींच्या सांगण्यावरून, स्वतःहून गावाची वेस बंद केली. सुमारे २६० माणसं गेली. वेशीवरचा भोकं पाडलेला दगड अजून आहे. त्या भोकांत व्हिनेगर ओतून गावकरी नाणी ठेवायचे आणि बाहेरचे लोक धान्य ठेवून जायचे. त्या दगडापर्यंतची वाट फार चढाची नाही, गुडघे बरे असतील तर जमेल.

पण त्या निघण्याआधी चांगला आरोग्य विमा काढा. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं तर पूर्ण बिल लागतं, आणि ते फार मोठं असतं. रोजची औषधं सहा महिन्यांची, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट आणायला सांगा. आणि पायात चपला नकोत, घोट्यापर्यंतचे पकड असलेले बूट पुण्यातच घेऊन, घरात घालून, सैल करून आणू दे.