जलरंगासाठी आधी काय चांगलं घ्यावं? रंग, ब्रश की कागद?

रंगवेडी:
नमस्कार मंडळी. जलरंगात बरेच दिवस स्टुडंट ग्रेडच्या (शिकणाऱ्यांसाठीच्या स्वस्त) सामानावर काम चाललंय, आता हात बऱ्यापैकी बसलाय आणि लोक चित्रं मागून नेतात त्यामुळे ती टिकायलाही हवीत. सगळं एकदम चांगलं घेणं जमणार नाही, तर आधी काय घेऊ? मनात सेबलचा (प्राण्याच्या मऊ केसांचा) ब्रश आहे. आणि एकाच नावाचा रंग दोन कंपन्यांचा घेतला तर पार वेगळा निघतो, हे काय गौडबंगाल आहे? अलिझारिन क्रिमझन हा गडद लाल माझा एकदम आवडता, तो उडतो म्हणतात ते खरंय का?

ओला_वॉश:
कागद. बाकी सगळं नंतर.

लाकडाच्या लगद्याच्या साध्या कागदावर कितीही भारी रंग लावा, पाणी पसरायच्या आत शोषलं जातं आणि वॉशच्या (पातळ रंगाच्या सपाट थराच्या) कडा तिथेच कडक होऊन बसतात. ओल्या ब्रशने रंग उचलायला गेलं की कागदाची लव सुटून ब्रशला चिकटते. १०० टक्के कॉटन, ३०० जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), कोल्ड प्रेस (थोडा खरखरीत) घ्या, तेच स्टुडंट रंग त्यावर वेगळे वागतील. कव्हरवर नुसतं 'अ‍ॅसिड फ्री' असेल तर फसू नका, लगद्याचा कागदही अ‍ॅसिड फ्री असू शकतो, 'कॉटन' हा शब्द दिसलाच पाहिजे.

अजून एक, चांगल्या कागदाला सायझिंग असतं, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा चिकट पदार्थ, बऱ्याचदा जिलेटिनचं, त्यामुळेच रंग वर थांबतो आणि आपल्याला खेळायला वेळ मिळतो. कागद दमट जागी पडून राहिला की हे सायझिंग खराब होतं, मग वॉश दिला की मध्येच गडद ठिपके उमटतात. म्हणून गठ्ठाभर घेऊन ठेवू नका, लागेल तसा घ्या आणि गुंडाळून पिशवीत ठेवा.

ट्यूबची_मागची_बाजू:
कागदाला अनुमोदन. मी रंगाचं बोलतो.

ताई, ट्यूबच्या पुढचं नाव वाचूच नका, मागे बारीक अक्षरात पिगमेंटचा (रंग देणाऱ्या मूळ भुकटीचा) कोड असतो तो वाचा. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, थॅलो ब्लू पीबी १५, यलो ऑकर बहुतेक पीवाय ४३. हे कोड सगळीकडे तेच. नाव मात्र कंपनी काहीही देऊ शकते. सॅप ग्रीन बघा, पूर्वी तो बकथॉर्न नावाच्या झुडपाच्या फळांपासून करायचे आणि तो टिकायचा नाही, आता नाव तेच पण आत हिरवा पिवळा वगैरे मिळून प्रत्येक कंपनीचं आपापलं मिश्रण असतं, मग दोन ट्यूब सारख्या निघतीलच कशा? नावापुढे 'ह्यू' असेल तर बहुतेक वेळा मूळ पिगमेंटऐवजी बदली माल असतो. तो वाईटच असतो असं नाही, पण कळून घ्यावा.

शक्यतो एकाच पिगमेंटचे रंग घ्या. तीन पिगमेंटवाल्या दोन ट्यूब मिसळल्या की पॅलेटवर सहा गोष्टी एकत्र येतात आणि चिखल होतो.

अलिझारिनबद्दल ऐकलंत ते खरंय. पीआर ८३, १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाला, दिसतो अप्रतिम पण उजेडात टिकत नाही आणि पातळ वॉशमध्ये तर लवकरच जातो. त्याच्या जागी क्विनाक्रिडोन घ्या, पीव्ही १९. 'परमनंट अलिझारिन' लिहिलेली ट्यूब असेल तरी कोड बघूनच घ्या. चित्रकार व्हॅन गॉगच्या १८८८ च्या बेडरूमच्या चित्रात भिंती आज निळ्या दिसतात, त्याने पत्रात त्या फिकट जांभळ्या लिहिल्यात. मिश्रणातला लाल उडाला आणि निळा राहिला! लोकांना चित्रं देताय तर हे बघायलाच हवं. शंका असेल त्या रंगाची पट्टी काढा, अर्धी जाड पुठ्ठ्याने झाकून उन्हाच्या खिडकीत काही महिने ठेवा, आपोआप कळतं.

केसाळ_ब्रश:
ब्रशला सगळ्यात शेवटी टाकणं मला पटत नाही. कोलिन्स्की सेबल (सेबलमधला महागडा प्रकार) लगेच नको हे मान्य, पण एक तरी चांगला राउंड (गोल, टोकदार ब्रश) हवाच, आठ नंबरच्या आसपासचा, कारण त्याच्या पोटात पाणी मावतं आणि टोक बारीक राहतं, एकाच ब्रशने आकाशही होतं आणि फांदीही. आता सिंथेटिक खूप सुधारलेत.

दुकानात नवीन ब्रश डिंकाने कडक केलेला असतो त्यामुळे प्रत्येकाचंच टोक सुरेख दिसतं, त्यावर जाऊ नका. पाणी मागा, डिंक पूर्ण सुटू द्या, एकच झटका द्या. केस आपोआप एका टोकाला आले तर घ्या, दोन टोकं झाली तर परत ठेवा. आणि सेबल घेतलात तर तो मास्किंग फ्लुइडमध्ये (कागद कोरा ठेवायला लावतात त्या रबरी द्रवात) आणि अ‍ॅक्रिलिकमध्ये कधीही बुडवू नका.

रंगवेडी:
खूप खूप धन्यवाद! म्हणजे आधी कॉटन कागद, एक सिंथेटिक राउंड आणि रंग संपतील तसे कोड बघून. पावडर पिगमेंट आणून रंग घरी घोटण्यात अर्थ आहे का?

ट्यूबची_मागची_बाजू:
आहे, शिकायला तर नक्कीच. पण मातीच्या रंगांपासून सुरू करा, ऑकर, बर्न्ट सिएना. कॅडमियम, कोबाल्ट पावडरच्या रूपात घरात आणूच नका, ते तयार ट्यूबमधूनच वापरा. मातीचे रंग घोटतानाही चांगला मास्क लावा, पंखा बंद ठेवा, सांडलं तर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

गम अरेबिक (बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक) एक भाग, गरम पाणी दोन भाग, रात्रभर विरघळू द्या, गाळा, त्यात थोडा मध घाला म्हणजे वाळल्यावर तडकत नाही, आणि बुरशी येऊ नये म्हणून लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब. मग जाड खरखरीत काचेवर पिगमेंटचा ढीग करून मध्ये खड्डा करायचा, त्यात हे ओतायचं, आधी पात्याने कालवायचं आणि नंतर काचेच्या मलरने (सपाट बुडाच्या वरवंट्याने) घोटत राहायचं. सुरुवातीला करकर आवाज येतो, तो थांबेपर्यंत घोटा. मग कागदावर लावून वाळू द्या आणि बोट फिरवून बघा, भुकटी बोटाला लागली तर डिंक कमी पडलाय, चकाकला तर जास्त झालाय.