मदत हवी आहे: खिडकीतला उजेड सावरला की फोटोच मरतो

मंडळी, जाणकारांनी जरा मार्ग दाखवा.

फोटोत आजी खिडकीशी बसून वाचतेय. बाहेर रणरणतं ऊन, आत जवळजवळ अंधार. खिडकी जळू नये म्हणून एक्स्पोजर कमी ठेवलं होतं. फाईल रॉ आहे (सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती), १४ बिटची. डार्कटेबल या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या 'शॅडोज अँड हायलाइट्स' मॉड्यूलने सावल्या वर ओढल्या, उजेड खाली दाबला. तपशील सगळा आला: पुस्तकाच्या ओळी, स्वेटरची वीण, बाहेरच्या झाडाची पानं. पण ऊन कुठे गेलं? सगळीकडे एकसारखा राखाडी उजेड, चौकटीभोवती पांढुरकी प्रभावळ आणि काळ्या भागात जांभळट दाणे. कॉन्ट्रास्ट वाढवला की चेहरा पुन्हा काळा. ब्रॅकेटिंग (एकच दृश्य वेगवेगळ्या एक्स्पोजरने टिपणं) केलेलं नाही आणि आजी काही पुन्हा तशी बसायची नाही, तेव्हा 'तीन फोटो काढून जोडा' हा सल्ला कृपया नको.

प्रतिसाद: प्रभावळ त्या मॉड्यूलचीच देणगी, ते बंद करा. आधी एक्स्पोजर मॉड्यूलने अख्खा फोटो उचला, चेहरा नीट दिसेपर्यंत. खिडकी पार पांढरी दिसेल, घाबरू नका, माहिती आत शाबूत असते. मग टोन इक्वलायझरमध्ये (उजेडाचे टप्पे वेगवेगळे हलवणारं मॉड्यूल) फक्त उजळ टप्पे एक-दीड स्टॉप खाली आणा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). मास्क (कुठला भाग कुठल्या टप्प्यात पडतो ते दाखवणारं चित्र) उघडून बघाच: भिंत, चेहरा असे भाग गुळगुळीत आणि चौकटीची कड मात्र धारदार दिसली पाहिजे. शेवटी फिल्मिक, म्हणजे सगळा उजेड स्क्रीनला झेपेल इतक्यात बसवणारं मॉड्यूल.

खिडकी पूर्ण खाली ओढू नका. ऊन आतल्या भिंतीपेक्षा उजळच दिसायला हवं. तो फरक मिटवलात की सपाटपणा आलाच. बाहेरची चार पानं पांढऱ्यात गेली तर जाऊ द्या, फोटो आजीचा आहे.

दाण्यांचं दुखणं वेगळं. तीन स्टॉप उचलणं म्हणजे ८ पट उजळवणं. सावलीत मुळात प्रकाशच कमी पोचलेला, त्यामुळे नॉइजही (हेच दाणे) तेवढाच फुगतो. डीनॉइज रंगापुरतं लावा. थोडे दाणे राहिलेले चालतात, मेणासारख्या त्वचेपेक्षा बरे.

धागाकर्ता: प्रभावळ गेली, आभार! आता पडद्याच्या सर्वांत उजळ घडीवर गुलाबी डाग दिसतोय. तो कशाचा?

प्रतिसाद: सेन्सर लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल टिपतो, त्यातला हिरवा भरून वाहिलाय. उन्हात बहुधा तोच आधी भरतो. मग व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळवणी) लाल आणि निळा वाढवतो, हिरवा आहे तिथेच राहतो, म्हणून गुलाबी. हायलाइट रिकन्स्ट्रक्शन (भरून वाहिलेला उजळ भाग सावरणारं मॉड्यूल) चालू आहे का बघा, असेल तर पद्धत बदलून पाहा. तिन्ही चॅनेल भरले असतील तर मात्र तिथून काही परत येत नाही, पांढरंच ठेवा.