जठरात जंतू उरतात, तरीही लस यशस्वी कशी मानतात?

प्रश्न (नांदेड, एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र)
हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरात राहून अल्सर करणाऱ्या जंतूविरुद्धच्या लशींवर मला विभागात सादरीकरण करायचे आहे. लस दिलेल्या उंदरांच्या जठरातील जंतूंची संख्या बहुतेक प्रयोगांत दहापट ते शंभरपट घटते, परंतु जठर पूर्णपणे जंतुमुक्त झालेले उंदीर क्वचितच दिसतात. मग या लशींना यशस्वी का म्हणावे? कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (परभणी, पशुवैद्यक)
आधी मोजमाप कसे केले आहे ते पाहावे. जठर मोठ्या वक्रतेवरून उघडून त्यातील अन्न धुतात आणि उभे काप घेतात. एक काप युरियाच्या द्रावणात टाकतात, जंतू असल्यास पिवळे द्रावण गुलाबी होते, तर दुसरा काप घोटून कमी ऑक्सिजनमध्ये वाढवतात आणि वसाहती मोजतात. जंतू थोडे असतील तर पहिली चाचणी ते हमखास पकडतेच असे नाही, त्यामुळे केवळ तिच्या आधारे केलेल्या शंभर टक्के संरक्षणाच्या दाव्यांवर माझा विश्वास बसत नाही.

प्राण्याची निवडही महत्त्वाची आहे. सुरुवातीला मांजराच्या जठरातील हेलिकोबॅक्टर फेलिस वापरत. १९९७ साली उंदरात चांगला रुजणारा 'एसएस१' हा माणसापासून मिळवलेला पायलोरीचा वाण वर्णिला गेला. मात्र जठराच्या पेशीत कॅगए हे घातक प्रथिन सोडणारी यंत्रणा या वाणात निकामी आहे. मंगोलियन जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यामध्ये अल्सर आणि कर्करोगही होतो, पण त्याची प्रतिकारशक्ती तपासण्याची साधने उंदराइतकी उपलब्ध नाहीत.

उत्तर (अंबाजोगाई, फिजिशियन)
माझा आक्षेप वेगळा आहे. बहुतेक प्रयोगांत निरोगी, प्रौढ उंदराला आधी लस देतात आणि मग जंतू पाजतात. आपल्याकडे हा संसर्ग बहुधा बालपणीच, घरातल्या घरात होतो आणि उपचार न केल्यास वर्षानुवर्षे राहतो. चीनमध्ये ६ ते १५ वर्षांच्या मुलांना तोंडावाटे दिलेल्या युरिएज-बी (जंतूच्या युरिया फोडणाऱ्या विकराचा एक भाग) लशीने पहिल्या वर्षी ७१.८ टक्के संरक्षण दिले, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले; पण ती मुलेही आधी संसर्ग नसलेलीच निवडलेली होती. त्यामुळे ज्या उंदरांना आधी संसर्ग करून नंतर लस दिली, असे प्रयोग तुम्ही वेगळे काढावेत. आपल्या ओपीडीतल्या रुग्णाशी त्यांचाच अधिक संबंध आहे.

प्रश्नकर्ती
धन्यवाद सर. जंतू कमी झाले म्हणजे जठराचा दाहही कमी होतो, असे गृहीत धरावे का?

उत्तर (लातूर, पॅथॉलॉजिस्ट)
मुळीच धरू नये. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी नसलेल्या उंदरांनाही लशीने संरक्षण मिळते, म्हणजे येथे मुख्य काम प्रतिपिंडांचे नसून सीडी४ टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचे असते. त्या पेशी जठराच्या अस्तरात जमतात, त्यामुळे लस दिलेल्या उंदरांत संसर्गानंतर दाह काही काळ वाढलेलाही आढळतो. हा दाह पुढे ओसरतो की नाही, हे उंदीर किती आठवड्यांनी मारले यावर कळते. म्हणून जंतुसंख्येच्या तक्त्याशेजारी दाहाची श्रेणी आणि तो कालावधी, दोन्ही मांडावेत.