इन्फ्लुएन्सरचं काम सांभाळायला सॉफ्टवेअर घ्यावं का, आणि घ्यायचं तर काय बघून घ्यावं?

सांगलीची_सुगरण

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, वाचून अनुभव सांगा प्लीज.

मी आणि माझी जाऊ सांगलीतून भाजणी, मेतकूट, कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी असं ऑनलाइन विकतो. शॉपिफायवर दुकान आहे, तीन वर्षं झाली. फेसबुक-इन्स्टाच्या जाहिरातींवर पैसे घालून बघितले पण आमचा माल खरा खपतो तो रील्सवरून, कुणीतरी स्वतःच्या ओट्यावर थालीपीठ थापून दाखवलं की ऑर्डरी येतात. आत्ता आमच्याबरोबर रील्स करणारे ३८ जण आहेत, बहुतेक ५ ते ४० हजार फॉलोअर्सवाले, काही बार्टरवर (पैशाऐवजी माल), काही १० टक्के कमिशनवर आणि चौघंजण रीलमागे ठरलेले पैसे घेतात.

सगळं व्हॉट्सअ‍ॅप आणि एका गुगल शीटवर चालतं आणि ते आता झेपत नाहीये. गेल्या दिवाळीत एका ताईंना चकलीची भाजणी दोनदा गेली आणि बार्शीच्या एका मुलीला गेलीच नाही. तिने दहा दिवस वाट बघून मेसेज केला, "ताई, सोऱ्या घासून ठेवलाय, पीठ कधी येतंय?" तोपर्यंत वसुबारस उलटून गेली होती. मला इतकं वाईट वाटलं, अजून तो मेसेज काढला नाहीये मी. वर एकीचा कूपन कोड कुठल्यातरी कूपनच्या साइटवर गेला आणि दोन दिवसात तिच्या नावावर ६१ ऑर्डरी दिसायला लागल्या, त्यातल्या किती खरंच तिच्या हे तिलाही माहीत नाही आणि आम्हालाही नाही.

असं काम सांभाळायचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीचा डेमो घेतला. वर्षाचे पैसे एकदम भरा म्हणाले, आकडा ऐकून जाऊबाई पाणी प्यायला उठल्या. शोधात मराठी, कोल्हापूर-सांगली, खाणं असं टाकलं तर निम्मे हिंदी पेज आले. मग नेमकं घ्यायचं तरी काय? की आमच्याएवढ्या धंद्याला हे लागतच नाही?

---

येवल्याचा_माग

ताई, आम्ही साड्या विकतो, पैठणी आणि सेमी पैठणी, आमच्याकडे ७० च्या आसपास क्रिएटर आहेत आणि तुमचं शीट तुम्ही म्हणताय तसंच आमचंही होतं, त्यामुळे जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट, डेमोवाले जे सगळ्यात आधी दाखवतात ना, लाखो-करोडो प्रोफाइलचा शोध, त्याचेच जास्त पैसे लागतात आणि तुम्हाला त्याचीच गरज सगळ्यात कमी आहे. मोडॅश, हाइपऑडिटर ही मंडळी त्यात चांगली आहेत, फॉलोअर्स खरे की विकतचे याचा अंदाज मिळतो, आपल्याकडे कोरुझ, कोफ्लुएन्स आहेत. पण तुमच्याकडे ३८ माणसं आधीच आहेत आणि त्यांना सोडून नवी चार शोधायची झाली तर तुमच्या गिऱ्हाइकांतूनच मिळतील, जी बाई तीन वर्षं मेतकूट मागवतेय आणि जिचे ८ हजार फॉलोअर्स आहेत तिच्यासारखं कुणी बोलणार नाही. इन्स्टाग्रामचं स्वतःचं क्रिएटर मार्केटप्लेस २०२४ पासून भारतात आलंय, तेही बघा, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

तुमचं दुखणं वेगळं आहे. कुणाला काय पाठवलं, पोचलं का, तिने काय कबूल केलं, कधी टाकलं आणि तिला किती द्यायचे. एवढंच. त्यासाठी अफिलिएटची अ‍ॅप्स असतात, म्हणजे कुणाच्या लिंक-कोडवरून किती विक्री झाली आणि तिचं कमिशन किती ते मोजणारी, गोअफप्रो, अपप्रमोट वगैरे, सुरुवातीचा प्लॅन फुकट आहे. शॉपिफायचं स्वतःचं कोलॅब्स पण आहे, त्यात लिंक, कोड, गिफ्ट पाठवणं एका जागी होतं, मात्र पैसे चुकते करायची पद्धत आपल्या क्रिएटरला चालेल का, म्हणजे थेट बँकेत किंवा यूपीआयवर जातील का, ते हो म्हणायच्या आधी एकदा करून बघा.

आता खरी मेख सांगतो, कॅश ऑन डिलिव्हरी (सीओडी). ही बाहेरची सॉफ्टवेअरं बऱ्याचदा ऑर्डर पडली की विक्री झाली असं धरतात. आपल्याकडे ऑर्डर पडते, कुरिअरवाला दारात जातो, माणूस म्हणतो आत्ता नको, आणि पार्सल परत. आमच्याकडे एका क्रिएटरच्या कोडवर एका महिन्यात ४२ ऑर्डरी होत्या, १२ परत आल्या. अ‍ॅपने कमिशन ४२ वर लावलं. आणि गंमत नाही, वाईट वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे त्या १२ पार्सलांचा जायचा-यायचा खर्च आमच्याच माथी. नंतर कळलं की कुरिअरने माल परत आणला तरी शॉपिफायमध्ये ती ऑर्डर आपण रद्द केली नाही तर अ‍ॅपला काही समजतच नाही. तेव्हापासून नियम केलाय, परत आलेलं पार्सल गोदामात आलं की त्याच दिवशी ऑर्डर रद्द करायची, आणि कमिशन डिलिव्हरीनंतर १५ दिवसांनीच मंजूर. म्हणून डेमोत पहिला प्रश्न हाच विचारा, माझी सीओडी परत आली तर तुमच्या स्क्रीनवर काय होतं, दाखवा. तोंडी "हो होतं" म्हणाले तर पुढे जाऊ नका.

कोड गळतो त्याला उपाय साधा आहे, एका गिऱ्हाइकाला एकदाच आणि ठरावीक तारखेपर्यंत असा कोड करायचा, नाव असं सोपं ठेवायचं नाही की कुणीही अंदाजाने टाकेल. आणि कोडबरोबर प्रत्येकीची वेगळी लिंक. कोडवर ६१ आणि लिंकवर ९ असं दिसलं की समजायचं कुठे पाणी मुरतंय.

---

हिशोबनीस_नगर

मी अकाउंटचं काम बघतो, यातली दुसरी बाजू कुणी बोलत नाही म्हणून लिहितो.

येवलेकरांना हे लागू पडेल. १ जुलै २०२२ पासून धंद्याच्या संबंधात कुणाला वस्तू किंवा फायदा दिला आणि वर्षात एका माणसामागे २०,००० च्या वर गेलं तर १० टक्के टीडीएस आहे, सगळे ज्याला १९४आर म्हणतात ते. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत तरी बोलताना अजून हेच नाव चालतं. वस्तू तिने ठेवून घेतली तर फायदा धरायचा, शूटिंग करून परत केली तर नाही. म्हणजे २५ हजारांची पैठणी कुणाला दिली तर ती परत आली की नाही याची तारखेसकट नोंद पाहिजेच. सॉफ्टवेअरमध्ये "पाठवलं" एवढाच रकाना असेल तर तो अर्धवट आहे, "परत आलं" हाही हवा.

सुगरण ताई, तुमचा ८००-९०० चा डबा आहे, तुम्ही वर्षभर पाठवला तरी २० हजारांच्या जवळ जाणार नाही. पण रोख कमिशन आणि रीलचे पैसे यांचा टीडीएस वेगळ्या कलमांखाली येतो, तो तुमच्या सीएंना विचारा. एकट्याच्या नावावरचा धंदा असेल आणि आदल्या वर्षीची उलाढाल १ कोटीच्या आत असेल तर १९४आर मधून सूट आहे, मात्र जावा-जावांची भागीदारी फर्म असेल तर ही सूट नाही. प्रत्येकीचा पॅन सुरुवातीलाच घेऊन ठेवा, मार्चमध्ये ३८ जणींच्या मागे धावायला लागू नये.

आणि लेबल, म्हणजे रीलवर ही जाहिरात आहे असं लिहिणं. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अ‍ॅस्की या संस्थेचे नियम जून २०२१ पासून आहेत, केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याची सूचनाही जानेवारी २०२३ मध्ये आली. फुकट डबा दिला तरी ती जाहिरातच धरतात आणि लेबल लोकांना समजेल अशा भाषेत पाहिजे, रील मराठीत तर लेबल मराठीत टाका. व्हिडिओ १५ सेकंद ते २ मिनिटांचा असेल तर त्यातला एक तृतीयांश वेळ ते दिसलं पाहिजे, म्हणजे ४५ सेकंदांच्या रीलला १५ सेकंद. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. तुमचं खाण्याचं आहे त्यामुळे कुणी उत्साहात "याने शुगर उतरते" म्हणून गेली तर ते तुमच्या अंगावर येईल. रील पडायच्या आधी तुम्हाला बघायला मिळेल आणि तुमचा होकार तारखेसकट राहील अशी सोय ज्यात आहे ते घ्या. मी तर म्हणेन बाकी सगळ्यापेक्षा हे आधी बघा.

---

लातूरची_खवय्यी

मी पलीकडच्या बाजूने लिहिते, मी रील्स करते, २२ हजार फॉलोअर्स आहेत, स्वयंपाक आणि गावाकडचं खाणं.

ताई, कृपा करून आम्हाला अजून एका पोर्टलवर लॉगिन करायला लावू नका. माझ्याकडे आत्ता सात ब्रँडची सात पोर्टल आहेत, सगळी इंग्रजीत, प्रत्येकात पत्ता वेगळा भरायचा, बँक वेगळी भरायची, एकात तर माझा पिनकोड बसतच नव्हता. एका ब्रँडकडे माझे २,४०० रुपये चार महिने अडकले कारण मी "कंटेंट सबमिट" चं बटण दाबलं नव्हतं, रील टाकली होती, त्यांनी स्टोरीला पण लावली होती, त्याच रीलवर त्यांनी जाहिरात चालवली, पण बटण दाबलं नाही म्हणून सिस्टीममध्ये काम झालेलंच नाही. फोन केला तर उचलणारं कुणी नाही, मेल केला की आपोआप उत्तर येतं.

मला तुमच्यासारख्यांबरोबर काम करायला आवडतं ते व्हॉट्सअ‍ॅपवर माणूस असतं म्हणून. सॉफ्टवेअर तुमच्या आत ठेवा ना, आम्हाला फक्त एक लिंक, पत्ता भरायला एक मराठी फॉर्म आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला यूपीआय, बस. आणि ऑर्डरी किती झाल्या, परत किती आल्या हे आम्हालाही दिसू द्या. कमिशन कमी आलं तर राग येत नाही हो, का कमी आलं ते कळत नाही त्याचा येतो.

अजून एक, आमची रील तुम्ही तुमच्या जाहिरातीत किती दिवस वापरणार ते आधीच लिहून द्या. ३० दिवस की ९० दिवस, त्याचे वेगळे पैसे की नाही. यावरून मी दोघांशी काम बंद केलंय.

---

टोरांटोकर

इथे एका कपड्यांच्या ब्रँडच्या मार्केटिंग टीममध्ये आहे, आम्ही याच कामासाठी ग्रिन नावाचं सॉफ्टवेअर वापरतो, त्याआधी अस्पायर बघितलं होतं. चांगली आहेत, पण ती शेकडो क्रिएटर आणि त्या कामालाच बसलेली दोन-तीन माणसं धरून बनवलेली आहेत. आमच्याकडे एक मुलगी दिवसभर फक्त तेच बघते. शिवाय यातल्या बऱ्याच ठिकाणी टिकटॉक पुढे असतं, भारतात ते जून २०२० पासून बंद आहे, म्हणजे त्या भागाचे पैसे तुम्ही उगाच भरणार.

एक मात्र घ्यायला हवं असं वाटतं, स्टोरी पकडून ठेवणं. स्टोरी २४ तासांत जाते, नंतर टाकली होती की नाही यावर वाद. क्रिएटरने तुम्हाला टॅग केलं आणि तिचं अकाउंट टूलला जोडलं की ती आपोआप साठते, आणि रीच (किती जणांपर्यंत पोचलं) वगैरे आकडे अंदाजाने न येता थेट तिच्या अकाउंटवरून येतात. जोडलं नसेल तर सरळ स्क्रीन रेकॉर्डिंग मागा, स्क्रीनशॉट बदलता येतो. कुठलंही घेतलंत तरी महिन्याचा प्लॅन घ्या, आणि पहिल्याच आठवड्यात तुमचा सगळा डेटा एक्सेलमध्ये उतरवता येतो का ते करून बघा.

---

सांगलीची_सुगरण

सगळ्यांचे मनापासून आभार. खवय्यी ताई, तुमचं वाचून जाऊबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. आमचंही एकीचं १,१०० रुपये दोन महिने राहून गेलंय ते आज पाठवलं.

येवलेकर दादा, एकच विचारायचंय, तुम्ही म्हणता तसं फुकटचं अफिलिएट अ‍ॅप घेतलं तर पाठवलेल्या डब्यांचा हिशोब कुठे ठेवता? आणि पैसे भरायची वेळ कधी आली असं तुम्हाला वाटलं?

---

येवल्याचा_माग

डबा पाठवायचा तर शॉपिफायमध्येच १०० टक्के सूट लावून रीतसर ऑर्डर करा आणि तिला "क्रिएटर" असा टॅग लावा. मग तो गठ्ठा बाकीच्या ऑर्डरींसारखाच पॅक होतो, स्टॉकमधून वजा होतो, कुरिअरचा नंबर तिला आपोआप जातो. नाव टाकलं की आधी काय गेलंय ते दिसतं, म्हणजे दोनदा जाणार नाही आणि राहूनही जाणार नाही. यालाही वेगळे पैसे लागत नाहीत.

पैसे भरायचं म्हणाल तर आम्ही एक महिना वही ठेवली. कोण किती वेळ कशात घालवतंय. माझ्या बायकोचे आठवड्याला ११ तास जात होते, त्यातले सहा "पोचलं का, टाकलं का" विचारण्यात. टॅगवाली ऑर्डर आणि अ‍ॅप सुरू केल्यावर ते चारवर आले. मग ६० च्या वर माणसं गेल्यावर परत आठ झाले तेव्हा महिन्याचा प्लॅन घेतला. तुम्ही पण वही ठेवून बघा, ३८ वर कदाचित लागणारच नाही.

---

सांगलीची_सुगरण

हे टॅगचं आत्ताच करून बघितलं, पहिली ऑर्डर बार्शीच्या मुलीच्या नावाने टाकली, चकलीची भाजणी एक किलो. दिवाळी नाहीये पण तिला फोन केला तर म्हणाली पाठवा ताई, सोऱ्या कायम वरच्याच फळीवर असतो.

जाऊबाई जुन्या शीटमधले परतीचे आकडे काढत बसल्यात, सहा महिन्यांचे. झाले की इथे टाकते.